शाळेची वेबसाइट : कागद खरा, पान शिळे

शाळेच्या वेबसाइटवर मंडळाच्या नियमांनी आणि कायद्याने काय काय ठेवावे लागते, याविषयी आलेली पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. पत्रे दोन प्रकारच्या शाळांमधून आली आहेत : सीबीएसईशी संलग्न विनाअनुदानित शाळा आणि राज्य मंडळाच्या अनुदानित शाळा. दोघींचे नियम वेगळे आहेत. तेव्हा एकीचे उत्तर दुसरीला लावण्याआधी आपली शाळा कोणत्या गटात बसते ते पाहून घ्यावे.

प्रश्न : सीबीएसईने ठरवून दिलेल्या जाहीर प्रकटनाच्या नमुन्यातले सगळे कागद आम्ही वेबसाइटवर टाकले आहेत. तरी 'मँडेटरी डिस्क्लोजर अपूर्ण' (सक्तीचे जाहीर प्रकटन अपूर्ण) असा शेरा आला. एकही कागद कमी नसताना अपूर्ण काय? (प्राचार्या, सीबीएसई शाळा)

कागद आहेत, पण ते आज वैध आहेत का आणि बाहेरच्या माणसाला उघडता येतात का? बहुतेक शेरे या दोनपैकी एका कारणाने येतात. स्वतः तपासायचे तर शाळेच्या संगणकावर तपासू नका. तिथे तुम्ही आधीच लॉगिन झालेल्या असता. मोबाइलवर वायफाय बंद करून, ब्राउझरच्या खासगी खिडकीत शाळेचे पान उघडा आणि प्रत्येक लिंक दाबून पाहा. गूगल ड्राइव्हवर ठेवलेली फाइल असेल तर इथे 'परवानगी मागा' असे पान येते. तपासणाऱ्याला नेमके तेच दिसलेले असते. फाइल ड्राइव्हवर न ठेवता वेबसाइटच्याच सर्व्हरवर ठेवावी. ज्या कर्मचाऱ्याच्या खात्यावर ती ड्राइव्ह असते तो नोकरी सोडून जातो, खाते बंद होते आणि सगळी प्रमाणपत्रे एका दिवसात नाहीशी होतात.

आता नमुन्याचे पाच भाग क्रमाने घेऊ.

'अ' भाग सर्वसाधारण माहितीचा. सोपा वाटतो, पण चूक इथेच होते. संलग्नता क्रमांक आणि शाळा कोड हे दोन वेगळे आकडे आहेत. महाराष्ट्रातल्या शाळांचा संलग्नता क्रमांक सात अंकी असतो, शाळा कोड पाच अंकी. अनेक पानांवर ते एकमेकांच्या जागी पडलेले असतात, तर काही ठिकाणी अकरा अंकी यूडायस (शासनाच्या शाळा-नोंदणीचा) क्रमांकच संलग्नता क्रमांक म्हणून छापलेला दिसतो. प्राचार्य बदलल्यावर मुखपृष्ठावर नवे नाव येते आणि या तक्त्यात जुनेच राहते, हाही नेहमीचा प्रकार.

'ब' भाग कागदपत्रांचा : संलग्नतेचे पत्र आणि अलीकडची मुदतवाढ, संस्थेचे नोंदणीपत्र, राज्य शासनाचे ना हरकत प्रमाणपत्र, आरटीई (शिक्षणहक्क कायद्याखालची) मान्यता, इमारत सुरक्षा, अग्निसुरक्षा, शिक्षणाधिकाऱ्यांचे प्रमाणपत्र किंवा शाळेचे स्वयंप्रमाणन, आणि पाणी-आरोग्य-स्वच्छता. यातले काही कागद एकदाच मिळतात, काहींना मुदत असते. संलग्नतेच्या मूळ पत्रावर अमुक वर्षापासून अमुक वर्षापर्यंत असे लिहिलेले असते. ते वर्ष उलटून गेले असेल आणि मुदतवाढीचे पत्र सोबत नसेल, तर ते पान तुमची संलग्नता संपल्याचाच पुरावा देत असते. नमुन्याच्या तळटीपेनुसार या प्रती स्वसाक्षांकित हव्यात. एक सही अध्यक्ष, व्यवस्थापक किंवा सचिव यांपैकी एकाची आणि दुसरी प्राचार्यांची. एकट्या प्राचार्यांच्या सहीची प्रत अपुरी ठरते. शिक्का मारताना तो प्रमाणपत्राच्या क्रमांकावर किंवा तारखेवर येणार नाही एवढे पाहावे. स्कॅनमध्ये नेमका तोच आकडा वाचता येत नाही.

'क' भागात शुल्करचना, वार्षिक शैक्षणिक दिनदर्शिका, शाळा व्यवस्थापन समिती आणि पालक-शिक्षक संघाच्या सदस्यांची यादी आणि दहावी-बारावीचा मागील तीन वर्षांचा निकाल येतो. निकालाच्या तक्त्यात 'नोंदणी झालेले विद्यार्थी' असा रकाना आहे. १२० जणांची नोंदणी होती, दोघे परीक्षेला बसले नाहीत, उरलेले ११८ उत्तीर्ण झाले. अशा वेळी शाळा १०० टक्के लिहून मोकळी होते. शेजारच्या रकान्यांतले आकडे मात्र ९८.३३ सांगतात. ९८.३३ लिहा आणि शेऱ्यात 'दोन अनुपस्थित' असे नोंदवा. बारावीचे वर्ग नसतील तर तो तक्ता गाळू नका, त्यात 'लागू नाही' लिहा. रिकाम्या रकान्याला तपासणारा अपूर्णच म्हणतो.

'ड' भाग शिक्षकांचा. पीजीटी (अकरावी-बारावीचे), टीजीटी (सहावी ते दहावीचे) आणि पीआरटी (प्राथमिकचे) शिक्षक यांची बेरीज एकूण संख्येशी जुळली पाहिजे. मग तुकड्या मोजा. सीबीएसईच्या अपेक्षेप्रमाणे एका तुकडीमागे दीड शिक्षक हवेत, म्हणजे २४ तुकड्यांना ३६. पानावर ३१ दिसत असतील तर वाचणारा भागाकार करणारच. विशेष शिक्षक आणि समुपदेशक यांचे रकाने 'उपलब्ध' एवढ्यावर सोडू नयेत. नाव आणि पात्रता द्यावी.

'इ' भाग भौतिक सुविधांचा, आणि इथे एककांचा घोळ होतो. नमुना चौरस मीटर मागतो. आपल्याकडे वर्गखोली चौरस फुटात सांगतात, जमीन गुंठ्यात किंवा एकरात, आणि सातबारा हेक्टर-आर मध्ये असतो. गुंठा आणि आर बोलताना एकच समजतात. ते एक नाहीत : आर म्हणजे १०० चौरस मीटर, गुंठा म्हणजे १०१.१७. दोन एकर म्हणजे ८० गुंठे म्हणजे सुमारे ८,०९४ चौरस मीटर. तेच ८० 'आर' धरले तर ८,००० होतात. जमिनीच्या दाखल्यावर एक आकडा आणि वेबसाइटवर दुसरा असे झाले की खुलासा मागितला जातो. म्हणून क्षेत्रफळ स्वतः काढू नका, दाखल्यावरचा आकडा जसाच्या तसा उतरवा. वर्गखोलीचे ५०० चौरस फूट म्हणजे ४६.४५ चौरस मीटर. 'सुमारे ५०' असे लिहिणे टाळावे. शेवटी तपासणीच्या यूट्यूब व्हिडिओची लिंक असते. तो व्हिडिओ 'प्रायव्हेट' ठेवला असेल तर लिंक असूनही कोणालाच दिसत नाही. किमान 'अनलिस्टेड' (लिंक असेल त्यालाच दिसणारा) ठेवावा.

हे पान मेनूमध्ये तीन पातळ्या खाली दडवू नये. मुखपृष्ठावरून एका टिचकीत ते उघडले पाहिजे. काही वेबसाइटवर कागद पाहण्याआधी नाव आणि मोबाइल नंबर भरायला लावतात. प्रवेशासाठी पालकांचे नंबर गोळा करायचा तो मार्ग असतो. जाहीर प्रकटनाला असे दार लावता येत नाही.

प्रश्न : अग्निसुरक्षेचे प्रमाणपत्र आम्ही गेल्या वर्षीच घेतले. ते पुन्हा इतक्या लवकर का मागतात? (कार्यालय अधीक्षक)

कारण एकाच नावाने दोन कागद फिरतात. एक अग्निशमन विभागाचा ना हरकत दाखला, दुसरा 'नमुना ब'. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे इमारतीतली अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून घेऊन सादर करावे लागते. तो हा नमुना ब. म्हणजे मागच्या वर्षीचा नमुना ब आज जुना झालेला आहे.

दोन्ही कागद लावावेत. नुसता नमुना ब लावला तर तो खासगी एजन्सीचा, सक्षम प्राधिकरणाचा नव्हे, असा आक्षेप येतो. नुसता विभागाचा दाखला लावला तर यंत्रणा आज चालते की नाही ते कळत नाही. एजन्सीच्या परवान्याची मुदतही पाहावी. परवाना संपलेल्या एजन्सीची सही असलेला नमुना ब निरुपयोगी असतो, आणि एजन्सी ही गोष्ट आपण होऊन सांगत नाही.

मुदतीच्या कागदांसाठी एक साधी वही किंवा शीट ठेवा. रकाने पाच : कागद, दिल्याची तारीख, मुदत संपण्याची तारीख, अर्ज करण्याची तारीख आणि जबाबदार माणसाचे पद. अर्जाची तारीख मुदतीच्या किमान ६० दिवस आधीची धरा, कारण इमारतीच्या दाखल्यासाठी अभियंत्याची भेट आणि पाण्याच्या अहवालासाठी प्रयोगशाळेतली पाळी यात दिवस जातात. नूतनीकरण रखडले असेल तर जुना दाखला तसाच ठेवून, त्याखाली अर्जाची पोच तारखेसह लावा. पोच म्हणजे वैध दाखला नव्हे, पण शाळा झोपली नव्हती एवढे त्यातून दिसते. जुन्या दाखल्यावरची तारीख खोडून नवी टाकण्याचे प्रकार होतात. अपलोड केलेले कागद खरे नसल्याचे आढळल्यास कारवाई होईल, हे त्याच नमुन्याच्या तळटीपेत लिहिले आहे.

प्रश्न : आमची शाळा अनुदानित, मराठी माध्यमाची, राज्य मंडळाची. सीबीएसईचा नमुना आम्हाला लागू नाही. मग वेबसाइटवर काहीच सक्तीचे नाही असे समजावे का? (मुख्य लिपिक)

नाही. तुम्हाला माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ लागू होतो, आणि त्यातले कलम ४(१)(ख) कोणी अर्ज करण्याची वाट पाहत नाही. शासनाकडून मोठ्या प्रमाणावर निधी मिळणारी संस्था 'सार्वजनिक प्राधिकरण' ठरते. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये डी.ए.व्ही. कॉलेज ट्रस्टच्या प्रकरणात शिक्षणसंस्थांबाबत हे स्पष्ट केले. शिक्षकांचे पगार शासनाच्या अनुदानातून होत असतील तर आम्ही खासगी संस्था आहोत हा बचाव टिकणे कठीण.

या कलमात १७ बाबी आहेत आणि त्या दरवर्षी अद्ययावत करायच्या आहेत. शाळा बहुधा दुसऱ्या शाळेची फाइल आणून नाव बदलतात. मग एका तालुक्यातल्या चार शाळांची 'निर्णय घेण्याची कार्यपद्धती' शब्दशः सारखी निघते आणि एखादीत मूळ शाळेचे नावही राहून गेलेले असते. त्यापेक्षा थोडे पण स्वतःचे लिहावे. ज्या बाबींवर लोक खरोखर येतात त्या अशा. सातवी, म्हणजे लोकांशी सल्लामसलत : इथे शाळा व्यवस्थापन समितीची रचना आणि बैठकांच्या तारखा द्या. आठवी, समित्या : कोणत्या समित्यांचे इतिवृत्त लोकांना पाहता येते तेही सांगावे लागते. नववी कर्मचाऱ्यांची निर्देशिका, दहावी मासिक वेतन, अकरावी अंदाजपत्रक (वेतनेतर अनुदान इथे दाखवा), बारावी अर्थसहाय्याच्या योजना आणि लाभार्थ्यांचा तपशील. सोळावी सगळ्यात महत्त्वाची : जन माहिती अधिकाऱ्याचे नाव आणि पदनाम. त्याच ठिकाणी प्रथम अपिलीय अधिकाऱ्याचेही नाव द्या. बदली झाल्या दिवशी ही नोंद बदलली पाहिजे. अर्जदार जुन्या नावाने अर्ज पाठवतो, तो शाळेत फिरत राहतो आणि उत्तर द्यायचे ३० दिवस सरतात.

तेरावी बाब, सवलती व परवाने. शाळा परवाने देत नाही, तेव्हा 'निरंक' लिहावे. निरंक लिहायला घाबरू नये. उगाच चार ओळी भरण्यापेक्षा ते बरे.

दहाव्या बाबीत वेतन द्यायचे म्हणून पगारपत्रकाचा स्कॅनच लावून टाकतात. त्यात पॅन, बँक खाते, भविष्य निर्वाह निधी क्रमांक आणि कर्जाची वजावट सगळे असते. कलमाला हवे आहे ते मासिक वेतन आणि ते ठरवण्याची पद्धत. नाव, पद, वेतनस्तर, एकूण मासिक वेतन असा चार रकान्यांचा तक्ता पुरतो.

माहिती कोणत्या भाषेत, असाही प्रश्न याच पत्रात होता. कलम ४(४) स्थानिक भाषेचा विचार करायला सांगते. मराठीतच द्या.

प्रश्न : मराठी परिपत्रके वेबसाइटवर टाकली की भलतीच अक्षरे दिसतात. आमच्या संगणकावर तर नीट दिसतात. (संगणक शिक्षक)

तुमच्या संगणकावर श्रीलिपी, कृतिदेव किंवा तशा जुन्या पद्धतीचा फाँट आहे, वाचणाऱ्याकडे तो नाही. या फाँटमध्ये 'क' असा मजकूर साठवलेलाच नसतो. साठवलेले असते एखादे रोमन अक्षर, फाँट त्याला 'क' चे रूप देतो एवढेच. फाँट गेला की खालचे रोमन अक्षर उघडे पडते. पीडीएफ केल्यावर चित्र नीट दिसते, पण शोध घेतला तर एकही शब्द सापडत नाही आणि अंध पालकाचे स्क्रीन रीडर (मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर) काहीतरी बडबडते.

उपाय यूनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच ठरलेला संकेत देणारी पद्धत. यापुढे टंकन इनस्क्रिप्ट किंवा उच्चारानुसारी कळफलकावर, फाँट मंगल, मुक्ता किंवा नोटो. जुन्या फाइलींसाठी रूपांतरक वापरता येतात, पण त्यांच्या भरवशावर राहू नये. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि यूनिकोडमध्ये नंतर. रफार नेमका उलट : जुन्यात अक्षरानंतर, यूनिकोडमध्ये त्याच्या आधी. रूपांतरात बिघडतात ते हेच शब्द. 'विद्यार्थी' या एका शब्दात ऱ्हस्व वेलांटी, जोडाक्षर आणि रफार तिन्ही आहेत. रूपांतरित फाइलीत आधी तोच शोधा. तो सगळीकडे बरोबर आला असेल तर बाकीचा मजकूर बहुधा सुखरूप असतो. आकडे मात्र वेगळे तपासावेत, तारखा आणि रकमा विशेषतः.

मुखपृष्ठावरची सूचना चित्र म्हणून टाकण्याची सवय सोडा. व्हॉट्सअॅपसाठी केलेले रंगीत पोस्टर वेबसाइटवर चढवले की त्यातली तारीख कोणत्याही शोधयंत्राला दिसत नाही.

प्रश्न : स्कॅन केलेल्या फाइली फार जड होतात. किती असाव्यात? (ग्रंथपाल)

३०० डीपीआयला (दर इंचाला ३०० ठिपके) रंगीत स्कॅन केलेल्या ए-४ पानात २४८०×३५०८ ठिपके असतात. वेबसाइटवर प्रमाणपत्र वाचायला १५० डीपीआय आणि करड्या छटा पुरतात. ठिपके एक चतुर्थांश होतात आणि पान साधारण २०० ते ३०० केबीत बसते. बारीक छपाईचा किंवा पुसट शिक्क्याचा कागद असेल तर २०० डीपीआय घ्या. मोबाइलने फोटो काढून पीडीएफ करणे शेवटचा पर्याय, कारण तिरकस पान आणि बोटाची सावली यांमुळे मजकूर ओळखणारे सॉफ्टवेअर चुकते.

फाइलीचे नाव इंग्रजी लहान अक्षरांत, शब्दांमध्ये आडवी रेघ, शेवटी वर्ष. रिकाम्या जागा आणि 'फायनल-नवीन-२' असली नावे नकोत. नवा दाखला आला की जुनी फाइल सर्व्हरवरून काढून टाका. नुसती लिंक बदलली तर जुनी फाइल गूगलमध्ये सापडत राहते आणि पालक तीच उघडतो.

प्रश्न : गुणवंतांची यादी, स्नेहसंमेलनाचे फोटो आणि शाळा सोडल्याचे दाखले वेबसाइटवर टाकतो. एका पालकाने हरकत घेतली. त्यांचे बरोबर आहे का? (सचिव, शिक्षणसंस्था)

बरोबर आहे, आणि दाखल्यांच्या बाबतीत तर फारच. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मुलाचे पूर्ण नाव, आईचे नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ आणि बऱ्याचदा जातही असते. अशा शेकडो दाखल्यांचे उघडे फोल्डर सर्व्हरवर ठेवणे म्हणजे ओळख चोरणाऱ्याला ताट वाढून देणे. बऱ्याच सीबीएसई शाळांच्या वेबसाइटवर टीसीचा (या दाखल्यांचा) विभाग असतो. त्याचा हेतू नव्या शाळेला दाखला खरा की खोटा ते पडताळता यावे एवढाच आहे. मग रचनाही तशीच करा : प्रवेश क्रमांक आणि जन्मतारीख दोन्ही भरल्यावर तो एकच दाखला उघडेल. यादी नको, आणि फाइलींची नावे १, २, ३ अशी ओळीने नकोत. पत्त्यातला आकडा एकाने वाढवला की पुढच्या मुलाचा दाखला उघडतो, याला हॅकर लागत नाही. फोल्डरमधल्या फाइलींची यादी दिसण्याची सोय सर्व्हरवर बंद आहे ना, तेही व्हेंडरला (वेबसाइट बनवणाऱ्याला) विचारा.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती लागते. मुलांविषयीच्या जबाबदाऱ्या मोडल्यास दंडाची कमाल मर्यादा २०० कोटी रुपये आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्यांना त्यापासून १८ महिन्यांची मुदत आहे. प्रवेशअर्जात तळाशी 'शाळेच्या सर्व नियमांना संमती' अशी एक ओळ असते, ती इथे चालणार नाही. फोटोसाठी वेगळी, नेमकी संमती घ्या : वेबसाइट, छापील अंक आणि समाजमाध्यमे यांसाठी तीन वेगळे चौकोन. नंतर संमती मागे कशी घ्यायची तेही तिथेच सांगा.

गुणवंतांच्या यादीत नाव आणि गुण पुरतात. मंडळाचा आसन क्रमांक देऊ नका. तो हातात असला की निकालाच्या पानावरून पुढची माहिती काढणे सोपे होते. फोटोखाली नाव, इयत्ता, तुकडी असे एकत्र लिहू नये. शिष्यवृत्ती किंवा आरटीईच्या २५ टक्के राखीव जागांवरच्या मुलांचे फोटो 'लाभार्थी' म्हणून लावणे तर कायद्याच्याही आधी शोभत नाही.

यादीतले काही झाकायचे असेल तर वर्डमध्ये काळी पट्टी ओढून पीडीएफ करू नका. पट्टीखालचा मजकूर निवडून कॉपी करता येतो. माहिती आधी पुसा, मग पीडीएफ करा. किंवा छापून, मार्करने झाकून पुन्हा स्कॅन करा, आणि स्कॅन उजेडाकडे धरल्यासारखा मोठा करून पाहा.

प्रश्न : शुल्काचा तक्ता 'कार्यालयात विचारा' असा ठेवला तर चालेल का? (व्यवस्थापक)

चालणार नाही. सीबीएसईच्या नमुन्यात शुल्करचना आहेच. शिवाय महाराष्ट्रातल्या शाळेला, मंडळ कोणतेही असो, महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, २०११ लागू होतो. मंजूर झालेले शुल्क सूचना फलकावर मराठीत, इंग्रजीत आणि शाळेच्या माध्यमाच्या भाषेत लावायचे, आणि शाळेची वेबसाइट असेल तर तिथेही. तक्ता इयत्तावार आणि शीर्षवार द्या. 'इतर शुल्क' असा मोठा आकडा ठेवला की तक्रार तिथूनच सुरू होते. वर शैक्षणिक वर्ष आणि पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीच्या मंजुरीची तारीख लिहा.

प्रश्न : गूगलवर शाळेचे नाव टाकले की आमच्याच पत्त्यावर जुगाराच्या जाहिराती दिसतात. वेबसाइट उघडली तर मात्र सगळे ठीक. वेबसाइट बनवणारा फोन उचलत नाही. (पर्यवेक्षक)

वेबसाइटमध्ये कोणी तरी घुसले आहे. हा मजकूर फक्त शोधयंत्रांना दाखवला जातो, म्हणून तुम्हाला दिसत नाही. गूगलमध्ये इंग्रजीत 'साइट', विसर्गासारखे दोन टिंबांचे चिन्ह आणि लगेच शाळेचा पत्ता लिहून शोधा. शाळेची पाने ४० आणि निकाल ४,००० आले तर दुखणे किती पसरले ते कळेल.

क्रम असा ठेवा. आधी होस्टिंगवरून सगळ्याची प्रत उतरवून घ्या, घाणीसकट. मग होस्टिंग, डेटाबेस आणि वेबसाइट तिन्हींचे पासवर्ड बदला. वेबसाइट वर्डप्रेस या सॉफ्टवेअरवर बनवलेली असेल तर वापरकर्त्यांच्या यादीतले अनोळखी प्रशासक काढा. मूळ फाइली नव्याने टाका, न वापरलेले प्लगइन (जोड-प्रोग्राम) बंद करून न ठेवता पुसून टाका, फुकटात मिळवलेली विकतची थीम असेल तर तीही काढा. घुसखोरीचे दार बहुधा तेच असते. फोटो ज्या 'अपलोड्स' फोल्डरमध्ये जातात तिथे पीएचपी फाइल (सर्व्हरवर चालणारा प्रोग्राम) असण्याचे कारण नाही. सापडली तर ती चोराने ठेवलेली किल्ली समजा. नुसती दिसणारी पाने पुसणारे लोक ही किल्ली विसरतात आणि आठवड्यात जाहिराती परत येतात. शेवटी गूगल सर्च कन्सोलमध्ये पुनर्तपासणीची विनंती करा.

बनवणारा फोन उचलत नाही ही खरी अडचण आहे. डोमेन कोणाच्या नावावर, कोणत्या ईमेलवर आणि ओटीपी कोणाच्या मोबाइलवर येतो, हे आजच शोधा. डोमेन संस्थेच्या नावावर आणि ईमेल पदाचा असावा, माणसाचा नव्हे. 'डॉट एज्यु डॉट इन' हे डोमेन ईआरनेट इंडियाकडून मिळते आणि त्यासाठी शाळेची कागदपत्रे लागतात, त्यामुळे ते परस्पर दुसऱ्याच्या नावावर जाण्याचा धोका कमी असतो. पत्ता बदललात तर सीबीएसईच्या सारस या संलग्नता-पोर्टलवर आणि इतर जिथे जिथे वेबसाइट नोंदवली आहे तिथेही बदला. नाहीतर जुन्या पत्त्यावर जाऊन 'वेबसाइट बंद' असा शेरा मारला जाऊ शकतो.

नव्या व्हेंडरने वेबसाइट उभी केल्यावर ती गूगलमध्ये महिनोन्महिने येत नाही, अशीही दोन पत्रे आहेत. वर्डप्रेसमध्ये 'शोधयंत्रांना परावृत्त करा' असा एक चौकोन असतो. काम चालू असताना तो टिचकावतात आणि काढायला विसरतात.

प्रश्न : व्हिजिटर काउंटर, फिरणारी पट्टी आणि उघडताच वाजणारी प्रार्थना, हे नियमात आहे का? व्हेंडर म्हणतो सगळ्या शाळांना असते. (सहशिक्षिका)

नियमात नाही. प्रार्थना काढा. स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला तिच्या आवाजात काहीच ऐकू येत नाही. काउंटर बहुधा बाहेरच्या कुठल्या तरी वेबसाइटवरून येतो आणि सोबत तिच्या जाहिरातीही आणतो, तोही काढा. पट्टी ठेवायचीच असेल तर वेब सुलभतेचे निकष पाच सेकंदांहून जास्त आपोआप फिरणाऱ्या मजकुराला थांबवण्याची सोय मागतात. बटण द्या. पट्टीतली 'प्रवेश सुरू' ही सूचना कधीची आहे तेही एकदा पाहून घ्या.